कोरेगावच्या स्तंभापासून जाफन्यापर्यंत : महार पलटणीची युद्धसेवा आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला बोलावलं, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. मला विषय दिला आहे 'सैन्यातील आपल्या समाजाची कामगिरी'. विषय फार मोठा आहे आणि माझ्याकडे वेळ थोडा. म्हणून तो आवरून घेतो आणि एका प्रश्नापासून सुरुवात करतो. तो प्रश्न माझा नाही, एका पोराचा आहे.

आपल्या ह्याच सभागृहात रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. एका रविवारी एक मुलगा घरातून एक जुना बिल्ला घेऊन आला. आजोबांच्या टोपीवरचा. त्याच्यावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि खाली रेजिमेंटचं नाव. पोरांनी तो हातोहात फिरवला. तेवढ्यात दुसऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, आपण बौद्ध ना? मग आजोबांच्या टोपीवर महार कसं?" त्याला उत्तर द्यायच्या आत शेजारची मुलगी म्हणाली, "आणि पहिलं शील तर जीवहत्या करू नका म्हणतं. मग आजोबा सैन्यात कसे?"

मंडळी, खरं सांगतो, मला त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं आणि वेळ मारून नेली. आज मोठ्यांसमोर उभा आहे, पण उत्तर त्या दोन पोरांनाच देतो आहे असं समजा.

पहिल्यांदा कोरेगाव. ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तोंडपाठ असलेल्या गोष्टीतच चुका जास्त शिरतात. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे 500 पायदळ, त्याशिवाय काही घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज, दोन तोफा. सगळे मिळून आठशेच्या आसपास. रात्रभर चालून 1 जानेवारी 1818 च्या सकाळी ते भीमेच्या काठी कोरेगावला पोचले, तर पलीकडे बाजीराव पेशव्यांची फौज. ती फौज सुमारे 28,000 होती असं सांगतात. पण गावात घुसून प्रत्यक्ष हल्ला केला तो त्यातल्या काही निवडक पायदळाने, त्यात अरबांचा भरणा मोठा. दिवसभर लढाई चालली. अन्न नाही, पाणी नाही. कंपनीकडचे 275 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. जनरल स्मिथची फौज येते आहे असं कळल्यावर पेशव्यांची फौज रात्री तिथून हलली.

आता ऐका. आपल्याकडे भाषणांत सर्रास म्हणतात, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवलं. हे तसं नाही. त्या पाचशेंत महार पुष्कळ होते, पण सगळे महार नव्हते. इतर जातींचे आणि धर्मांचेही लोक होते. स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची जी 49 नावं कोरली आहेत, त्यांतली 22 नावं 'नाक' ह्या शब्दाने संपतात, आणि त्यावरून ती महारांची म्हणून ओळखली जातात. बावीस. एवढा आकडा पुरेसा आहे. ज्या माणसाची सावली नको होती त्याचं नाव सरकारने दगडावर कोरलं, आणि तेही इतरांच्या रांगेत, वेगळं काढून नाही. ह्यासाठी आकडा फुगवायची गरजच नाही. खऱ्याला खोट्याचा टेकू दिला की लोक खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले. तेव्हापासून आपण दर वर्षी तिथे जातो. त्यांनी तिथे लोकांना का नेलं, हे समजायला मधली शंभर वर्षं बघावी लागतात.

कंपनीच्या बॉम्बे आर्मीत महारांची भरती मोठी होती. त्या नोकरीचा पगार, पेन्शन हे तर होतंच, पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शाळा. सैनिकांच्या मुलांना लष्करात शिक्षण मिळे. ज्या काळात गावच्या शाळेच्या पायरीवर आपल्याला उभं करत नव्हते, त्या काळात पलटणीत आपली माणसं वाचायला लिहायला शिकली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मास्तर होते. बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 ला महूला झाला, ते महू म्हणजे लष्करी छावणीच. आपल्या समाजातले सुरुवातीचे लिहिते लोक बघा. गोपाळबाबा वलंगकर 1886 ला सैन्यातून निवृत्त झाले, दापोलीत राहिले आणि अस्पृश्यतेवर लिहू लागले. दापोली तेव्हा पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. म्हणजे आपल्या चळवळीची पहिली पिढी घडली ती पलटणीच्या पगारावर आणि पलटणीच्या शाळेत.

आणि मग दार बंद झालं. इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जाती' नावाचं खूळ शिरलं. अमुक जात लढवय्यी, तमुक नाही. 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांची नावं त्यांनीच दगडावर कोरली होती त्यांनाच आता तुम्ही लढाऊ नाही म्हणून सांगितलं. वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. ते अर्ज नुसते नोकरीसाठी नव्हते. भरती थांबली म्हणजे पोरांची शाळाही थांबली, हे त्यांना दिसत होतं.

पहिल्या महायुद्धात सरकारला माणसं कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये '111 महार्स' नावाची पलटण उभी केली. ती एडनला आणि वायव्य सरहद्दीवर गेली. युद्ध संपलं, गरज सरली, आणि 1921 ला पलटण मोडून टाकली. पुन्हा घरी.

पण ही घरी आलेली माणसं रिकाम्या हाताने आली नव्हती. 1927 च्या मार्च महिन्यात महाडला काय झालं ते आठवा. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावातल्या लोकांनी मंडपात शिरून आपल्या माणसांना मारलं. त्या मार खाणाऱ्यांत महायुद्धाला जाऊन आलेले लोक होते. त्यांना लढणं शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांचा एक शब्द निघाला असता तर महाडमध्ये रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही. शांत राहा म्हणाले. आणि ती माणसं शांत राहिली. हात उगारता येत असून ज्याने तो खाली ठेवला, त्याचा संयम खरा. माझ्या धम्मवर्गातल्या त्या मुलीला मी पहिल्यांदा हेच सांगणार आहे. तो प्रश्न पुढे पुन्हा घेऊ.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. 1941 मध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण पाहिजे हा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला, आणि आपल्या तरुणांना भरती व्हा असं आवाहन केलं. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी 1942 मध्ये कामठीला. पाठोपाठ तिसरी आणि पंचविसावी. पहिली व तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या, दुसरी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आली आणि नंतर इराकलाही. टोपीवरच्या बिल्ल्यावर सुरुवातीला काय होतं? कोरेगावचा स्तंभ. दुसऱ्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्यानेच तो बिल्ला काढला होता.

1946 साली ह्या रेजिमेंटची मशीनगन रेजिमेंट केली. आता ही गोष्ट जरा समजून घ्यावी लागेल, कारण आपला इतिहास हाती का लागत नाही त्याचं उत्तर इथं आहे. साधी पलटण म्हणजे बटालियन, सातशे-आठशे माणसं. अशा तीन पलटणी मिळून एक ब्रिगेड होते. तिला तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल अशी जोड देतात. लढाई लढते ती ब्रिगेड, आणि इतिहास लिहितात तोही बहुधा ब्रिगेडचा आणि तिच्या पलटणींचा. पण मशीनगन पलटण एका जागी लढत नाही. तिच्या कंपन्या, तुकड्या सुट्या करून वेगवेगळ्या ब्रिगेडींना जोडून देतात. विकर्स मशीनगन म्हणजे लोखंडाचा बोजा. तोफेसारखी तिपाईवर मांडायची. नळीभोवती पाण्याची टाकी, नाहीतर नळी तापून लाल होते. अडीचशे गोळ्यांचा पट्टा. एकजण गन खांद्यावर घेणार, दुसरा तिपाई, बाकीचे पाणी आणि दारूगोळा, आणि असं डोंगर चढायचं. वर गेल्यावर गन मांडली की मग ती जागा सोडता येत नाही. पुढचं पायदळ मागे येईल, तेव्हा त्याला आडोसा देत शेवटपर्यंत थांबायचं ते मशीनगनवाल्याने. म्हणून आपल्या माणसांच्या कामगिरीच्या ओळी दुसऱ्यांच्या पलटणींच्या दप्तरात इकडे दोन, तिकडे चार अशा विखुरल्या आहेत.

स्वातंत्र्य आलं तेच फाळणी घेऊन. 1947 च्या ऑगस्टमध्ये पंजाबात जे झालं ते सांगवत नाही. तिथे पंजाब बाउंड्री फोर्स नावाचं दल नेमलं होतं, त्यात महार रेजिमेंटच्या तिन्ही पलटणी होत्या. काम काय? निर्वासितांच्या तांड्यांना सोबत करायची. एका बाजूचे हिंदू-शीख इकडे येताहेत, दुसऱ्या बाजूचे मुसलमान तिकडे जाताहेत, आणि दोन्हींवर हल्ले होताहेत. ह्या लोकांना सुखरूप पोचवायचं. हाती बंदूक, पण ती मारण्यासाठी नव्हे, मारू न देण्यासाठी. मला विचाराल तर महार पलटणीच्या युद्धसेवेत हे पान सगळ्यात वर ठेवलं पाहिजे. त्यासाठी स्तंभ नाही, पण ते पान आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी काश्मीर पेटलं. नौशेरा आणि झांगड ही नावं लक्षात ठेवा. झांगड हा दोन रस्त्यांचा नाका. डिसेंबर 1947 मध्ये तो शत्रूच्या हाती पडला. त्या आघाडीवर 50 पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिचे नवे कमांडर होते ब्रिगेडियर महंमद उस्मान. झांगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही असं ते म्हणाले आणि थंडीत जमिनीवर झोपू लागले. फेब्रुवारी 1948 मध्ये नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला, मार्च 1948 मध्ये झांगड परत घेतलं, आणि 3 जुलै 1948 ला त्याच झांगडला तोफगोळा लागून उस्मानसाहेब गेले. ह्या काश्मीर युद्धात महार मशीनगनच्या तुकड्या होत्या, आणि पहिल्या पलटणीचे नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळालं. परमवीर चक्रानंतरचा हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे? हात वर करा म्हणत नाही, पण मनात विचारून बघा.

1962 ला चीनशी युद्ध झालं. त्यात लडाखला आणि ईशान्येला नेफात, दोन्हीकडे महार मशीनगनच्या तुकड्या वेगवेगळ्या ब्रिगेडींना जोडलेल्या होत्या. लडाखमध्ये चुशूलच्या 114 ब्रिगेडबरोबरही. त्या युद्धात आपला पराभव झाला. पराभवाच्या युद्धातल्या माणसांची आठवण लवकर बुजते, पण थंडी, पातळ हवा, अंगावरचे अपुरे कपडे आणि बर्फात मांडलेली गन, हे सगळं त्यांच्या वाट्याला तसंच आलं. पुढे 1963 मध्ये रेजिमेंटचं पुन्हा साधं पायदळ केलं. मशीनगनचं चिन्ह मात्र बिल्ल्यावर राहिलं. कोरेगावच्या स्तंभाच्या जागी मधे कट्यार आली.

1971 ला या. बांगलादेशाच्या युद्धात सिल्हेटच्या बाजूला 8 माउंटन डिव्हिजन होती. तिचे सेनापती मेजर जनरल के. व्ही. कृष्णराव. हे गृहस्थ आंध्रचे, पण 1942 साली अधिकारी म्हणून भरती झाले ते महार रेजिमेंटमध्ये. पुढे 1981 ला ते भारताचे लष्करप्रमुख झाले. 1986 ला लष्करप्रमुख झालेले जनरल सुंदरजी हेही महार रेजिमेंटचेच. तर त्या सिल्हेटच्या आघाडीवर शमशेरनगरजवळ 30 नोव्हेंबर 1971 ला 10 महार पलटणीचा एक जवान, शिपाई अनसूया प्रसाद, शत्रूच्या माऱ्यात हातबाँब घेऊन एकटा पुढे सरकला. शत्रूने एक इमारत पक्की धरून ठेवली होती, आणि तिथून आपल्या लोकांना पुढे येऊ देत नव्हता. गोळ्या लागल्या तरी तो सरपटत गेला आणि त्याने तिथे आग लावली. तो गेला, पण पलटणीची वाट मोकळी झाली. त्याला मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हा मुलगा कुठला? गढवालचा, हिमालयातल्या डोंगरातला.

आता शेवटचं, जाफना. 1987 च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना श्रीलंकेला गेली. 54 इन्फन्ट्री डिव्हिजनच्या 91 इन्फन्ट्री ब्रिगेडमध्ये 8 महार पलटण होती, आणि 30 जुलै 1987 ला ती जाफना भागात उतरली. गेले होते शांतता राखायला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तमिळ वाघांशी उघड लढाई जुंपली. अरुंद गल्ल्या, ताडाची झाडं, पावलोपावली सुरुंग, आणि कोण लढवय्या आणि कोण साधा गावकरी हे कळायची सोय नाही. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री उशिरा 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन एका गावाची झडती घेऊन आपल्या तुकडीसह परत येत होते. दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. परमेश्वरन यांनी डोकं शांत ठेवलं, वळसा घालून हल्लेखोरांच्या पाठीमागून त्यांच्यावर चाल केली. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याचीच बंदूक हिसकावून घेऊन त्याला पाडलं, आणि जीव जाईपर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. महार रेजिमेंटचं ते परमवीर चक्र. त्या मोहिमेत भारताचे अकराशेहून जास्त सैनिक गेले, आणि मार्च 1990 मध्ये सेना परत आली.

मेजर परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, तमिळ घरातले. लक्षात घ्या मंडळी. महार रेजिमेंटचं परमवीर चक्र एका तमिळ माणसाचं. 1971 चं महावीर चक्र एका गढवाली पोराचं. दोन लष्करप्रमुख दक्षिणेकडचे. आज ह्या रेजिमेंटमध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत. मध्यप्रदेशात सागरला तिचं केंद्र आहे, तिथे ते सगळे एका पंगतीत जेवतात आणि सगळ्यांच्या खांद्यावर एकच शब्द असतो, महार.

इथे मी त्या पहिल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. बाळा, तू विचारलंस, आपण बौद्ध ना, मग टोपीवर महार कसं? बरोबर विचारलंस. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपल्या लोकांनी ते जुनं जगणं टाकून दिलं. येसकरी टाकली, मेलेलं ढोर ओढणं टाकलं, हात जोडून उभं राहणं टाकलं. आपण बौद्ध आहोत आणि बौद्धच राहणार. जात सांगायची म्हणून आपण हे नाव घेत नाही. पण त्या टोपीवरचं नाव जात सांगत नाही. गढवालच्या त्या आईला विचार, तुझा मुलगा कोण होता, तर ती सांगेल, महार पलटणीत होता. तिच्या तोंडात त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. गावकुसाबाहेर ढकलायला जो शब्द वापरला, तोच शब्द एका उच्चवर्णीयाचा पोरगा अभिमानाने खांद्यावर घालतो. ही उलथापालथ कुणी केली? त्या 22 नावांनी, अर्ज करणाऱ्या पेन्शनरांनी आणि 1941 ला भरतीला गेलेल्या पोरांनी. म्हणून आजोबांचा बिल्ला पेटीत लपवायचा नाही आणि कपाळावर मिरवायचाही नाही. तो जपून ठेवायचा. आपल्या घरचा पुरावा म्हणून.

आता त्या मुलीचा प्रश्न. हा जास्त अवघड आहे, आणि भन्तेजी इथे बसले आहेत, चुकलो तर त्यांनी सावरावं.

त्रिपिटकात एका लढवय्याची गोष्ट आहे. त्याने तथागतांना विचारलं, आमचे जुने गुरू सांगतात की जो लढता लढता मरतो तो स्वर्गात जातो, तुम्ही काय म्हणता? तथागतांनी दोनदा सांगितलं, हे मला विचारू नकोस. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, समोरचा मरावा, त्याचा नाश व्हावा अशा मनाने जो लढतो आणि तसाच मरतो, त्याला सद्गती नाही. तो माणूस रडू लागला. त्याला आपल्या दुर्गतीचं रडू आलं नाही, इतकी वर्षं गुरूंनी फसवलं ह्याचं आलं. तेव्हा रणात मेलेल्याला स्वर्ग मिळतो असं विहारात आपण सांगू शकत नाही. सांगूही नये.

दुसरी गोष्ट सिंह सेनापतीची. वैशालीच्या लिच्छवींचा हा सेनापती. तो तथागतांकडे आला, उपासक झाला. तथागतांनी त्याला सेनापतिपद सोड असं सांगितल्याचं त्या कथेत नाही. उलट म्हणाले, तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने नीट विचार करूनच पाऊल टाकावं, आणि आजवर ज्या निगंठांना तुझ्या दारी भिक्षा मिळत होती ती बंद करू नकोस. पुढेही त्याचं नाव सिंह सेनापती असंच येतं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना एक फरक सांगितला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारणं भाग पडणं वेगळं. इच्छेला धम्मात जागा नाही. भाग पडतं का, हे प्रत्येक वेळी माणसाने आपल्या बुद्धीने तपासायचं. हा मार्ग सोपा नाही. एक नियम पाठ केला की सुटलो, असं त्यात होत नाही. सैनिकाला तर नाहीच नाही. जाफन्याच्या गल्लीतल्या जवानाला ते अर्ध्या क्षणात ठरवावं लागलं.

म्हणून बाळ, तुझे आजोबा लढले ते पुण्य की पाप, हे मी ठरवणार नाही. मी एवढंच सांगेन की त्यांनी उचललेला भार कुणाला तरी उचलावा लागला असता, आणि तो उचलताना त्यांच्या मनावर काय झालं हे आपण त्यांना कधी विचारलं नाही. आपल्यातले कितीतरी म्हातारे लष्कराचं काही बोलत नाहीत. आपण म्हणतो, बाबा अबोल आहेत. ते अबोल नसतात. त्यांना ऐकणारा भेटलेला नसतो. पंचशील घेतलेल्या माणसाने दुसऱ्याचं दुःख शांतपणे ऐकून घ्यावं, हीही करुणाच आहे.

शेवटी समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो, आणि त्या आजच ठरवाव्यात अशी विनंती करतो.

पहिली, आपल्या वस्तीत ज्यांच्या घरी कुणी सैन्यात होतं किंवा आहे, त्यांची एक वही करावी. नाव, पलटण, कोणत्या वर्षी भरती, कोणत्या आघाडीवर. डिस्चार्ज बुक, पदकं, पत्रं, फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांची झेरॉक्स विहारात द्यावी. मूळ कागद घरीच ठेवा, पण पत्र्याच्या पेटीत ओलीला ठेवू नका. मशीनगनच्या तुकड्या विखुरलेल्या, त्यांचा इतिहासही विखुरलेला. तो दिल्लीला बसून कुणी जुळवणार नाही. आपल्या घरातल्या कागदांवरूनच तो जुळेल.

दुसरी, जे म्हातारे आहेत त्यांना बोलतं करावं. मुलांनी जाऊन बसावं, प्रश्न विचारावेत, लिहून घ्यावं. पराक्रमच विचारू नका. जेवण काय होतं, पत्र किती दिवसांनी यायचं, भीती वाटली का, हे विचारा. खरं तिथे सापडतं.

तिसरी, वस्तीत सैनिकांच्या विधवा आहेत. कागद नीट नसल्यामुळे काहींना पेन्शनची आणि सवलतींची माहिती नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्याबरोबर जायला दोन शिकलेले तरुण महिन्यातून एक दिवस दिले तरी पुष्कळ काम होईल. पुतळ्याला हार घालणं सोपं आहे. एका म्हाताऱ्या माउलीबरोबर कार्यालयाच्या बाकावर दिवसभर बसणं अवघड आहे, आणि जास्त गरजेचं.

बालमित्रांनो, तुमच्या प्रश्नाने आज मला इतकं शोधायला लावलं. प्रश्न विचारणं सोडू नका. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो विचारून, तपासून, मगच स्वीकारण्याचा. तुम्ही तेच केलंत.

जास्त वेळ घेतला असेल तर क्षमा करा. सर्व युद्धांत गेलेल्या, आपल्या आणि समोरच्याही बाजूच्या, ज्ञात-अज्ञात माणसांना अभिवादन करून मी आपली रजा घेतो. एक मिनिट सर्वांनी शांत उभं राहावं, अशी विनंती करतो.

नमो बुद्धाय. जय भीम.